सुई नाही दिली तर

बाजाराचा दिवस उलगत आला होता. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला दवाखाना. बाकड्यावर पाच-सहा पेशंट, आत टेबलाशी डॉक्टर आणि समोर त्यांची पुतणी. ती सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काम बघते. मी बीपी दाखवायला गेलो होतो, चहा आला म्हणून टेकलो. औषध कंपनीचा एक एमआर नुकताच येऊन गेला होता. त्याने ठेवलेल्या सॅम्पलच्या पट्ट्या तिने उलटसुलट करून पाहिल्या.

"काका, गेल्या आठवड्यात जुलाबाच्या किती पोरांना अँटिबायोटिक दिलंत?"

"मोजत नाही."

"आणि गरज किती जणांना होती?"

"शौचातून रक्त पडत असेल, कॉलऱ्याची शंका असेल, त्यांना. बाकीच्यांना ओआरएस आणि झिंक. परीक्षा घ्यायला आलीयस का?"

"म्हणजे माहीत आहे."

"अगं, माहीत सगळ्यांनाच आहे."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की मी खिशातली माझी चिठ्ठी चाचपली. तिच्यावर पाच औषधं होती.

"तरी आमचं प्रशिक्षण माहितीवरच चालतं," ती म्हणाली. "सभागृह, स्लाइड, जेवण, सह्या."

"आमचंही तेच. पाच वर्षांत तीस क्रेडिट जमवायचे, नाहीतर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण अडतं. शेवटच्या रांगेत बसून मीही जमवलेत. तिथं डुलकीलाही क्रेडिट मिळतो."

ती हसली नाही. "पश्चिम बंगालमध्ये, बीरभूम जिल्ह्यात, पदवी नसलेल्या तीनशे चार गावठी डॉक्टरांवर प्रयोग झाला होता. निम्म्यांना नऊ महिने शिकवलं. मग रोगी असल्याचं सोंग घेतलेली माणसं त्यांच्याकडे पाठवली. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. शिकलेले लोक पेशंटला जास्त नीट हाताळत होते. पण नको ती औषधं आणि अँटिबायोटिक देणं काही कमी झालं नाही."

"होणार कसं? त्यांचं पोट औषध विकण्यावर. आणि ते डॉक्टर नव्हेत, त्यांच्या मापानं मला मोजू नकोस."

"त्याच भागातल्या सरकारी केंद्रांतही तीच सोंगं पाठवली होती. तिथल्या पदवीधरांनी नको असलेली अँटिबायोटिक या लोकांपेक्षा जास्त दिली."

डॉक्टरांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मग शिकवणं सोडून दे," ते म्हणाले.

"नाही, शिकवायची तऱ्हा बदलायची. तुमचा तो एमआर सभागृह भरवतो का? तो येतो, उभ्याउभ्या चार मिनिटं बोलतो, एकच गोष्ट सांगतो, पुढच्या आठवड्यात परत येतो. अमेरिकेत जेरी एव्हॉर्न नावाच्या डॉक्टरनं हीच युक्ती उलटी फिरवली. 1983 चा अभ्यास आहे. चार राज्यांतले चारशे पस्तीस डॉक्टर, आणि अकारण लिहिली जाणारी मोजकी औषधं. काहींना नुसती छापील पत्रकं धाडली, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काहींकडे शिकवलेले फार्मासिस्ट स्वतः जाऊन बसले, बोलले. त्यांचं ती औषधं लिहिणं चौदा टक्क्यांनी घटलं."

"म्हणजे तू एमआर होणार. माल काय तुझा?"

"न लिहिणं."

"आणि पगार देणार सरकार. कंपनीला खप वाढवायचाय, तुझ्या मालकाला कमी करायचाय. मला चांगला डॉक्टर करायला आलीयस की स्वस्त?"

"जुलाबाच्या पोराच्या बाबतीत दोन्ही एकच आहे."

"तिथं आहे. बीपीचं काय? तुझ्या शिकवणीनं मी प्रत्येकाला पट्टा बांधायला लागलो, तर महिन्याला चाळीस नवे सापडतील. त्यांना जन्मभर गोळी. औषधाचा खर्च घटला की वाढला?"

"वाढला," ती लगेच म्हणाली. मला तिचं हे आवडलं. "आपल्या जिल्ह्यात सरकारी केंद्रांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम आला तेव्हा हेच झालं. ठरलेला एकच क्रम भिंतीवर लावला. आधी ही गोळी, महिन्यानं बीपी उतरलं नाही तर ती. मोजकीच औषधं लागत असल्यामुळे ती घाऊक घेता येतात आणि एकेका पेशंटचा खर्च कमी राहतो. पण पेशंट वाढतात. लकव्याचा झटका टळला त्याची बचत वीस वर्षांनी, आणि तीही कुणाच्या तरी भलत्याच वहीत."

"मग वरचा साहेब विचारतो, प्रशिक्षण दिलं तरी खर्च का वाढला? तेव्हा काय सांगणार?"

"तेच मला अजून जमलेलं नाही. खर्च कमी होईल म्हणून सांगून पैसे मागितले, तर जिथं खर्च वाढवायला हवा तिथं तोंड बंद होतं. नाही सांगितलं, तर पैसेच मिळत नाहीत."

मला वाटतं, खरी अडचण तिने इथे बोलून दाखवली होती. डॉक्टरांना मात्र वरच्या साहेबापेक्षा बाकड्याची काळजी जास्त. त्यांनी हाक मारली. एक बाई कडेवर दीड वर्षाचं मूल घेऊन आत आली. दोन दिवस ढाळ. डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे पाहिले, जीभ पाहिली. मग खुर्ची मागे सरकवून पुतणीला म्हणाले, "बोल. तुझा माल विक."

तिने पुडी फोडून दाखवली. एक लिटर पाणी, उकळून गार केलेलं. दर ढाळानंतर थोडं थोडं, वाटीचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. झिंकची गोळी चौदा दिवस, ढाळ थांबले तरी. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं, तर लगेच आणायचं. बाई ऐकत होती, पण तिची नजर कपाटातल्या सिरिंजच्या डब्यावर होती.

"सुई नाही का, म्याडम? एसटीचं भाडं काढून आलोय."

ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. या वेळी बाईलाच पुडी हातात घ्यायला लावली, बाईकडूनच वदवून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. बाहेर कुणी खोकलं, चपला वाजल्या. मी दारातून पाहिलं, दोघं उठून रस्त्यापलीकडच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते. तिथं दर्शनी भागातच सलाईनचा स्टँड दिसतो.

बाई पुडी पदरात बांधून गेली. तिने पैसे विचारले तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचेच सांगितले होते.

"दोन गेले," ते बोटं दाखवत म्हणाले. "हे तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात भरतात?"

तिने पर्समधून वही काढली आणि तो रकाना आखायला घेतला.