वाच्छांनी वाचलेले भाषण

सभेत बोलायची भीती घालवणारे वर्ग आता तालुक्याच्या गावीही चालतात. आरशासमोर सराव करा, खोल श्वास घ्या, समोरच्यांच्या डोळ्यांत न पाहता मागच्या भिंतीकडे पाहा, असे त्यांचे साधारण सांगणे. त्यात वावगे काही नाही. मात्र भीती हा बोलणाऱ्याचा दोष, तो त्याने घरी दुरुस्त करावा आणि मगच सभेत यावे, हे त्यामागचे गृहीतक मला पटत नाही. भीतीत ऐकणाऱ्यांचाही वाटा असतो आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. गांधीजींचे उदाहरण घेतो, कारण आपली फजिती त्यांनी आत्मकथेत आडपडदा न ठेवता लिहून ठेवली आहे.

बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला, तीस रुपये फीचा. उलटतपासणीला उभे राहिले तर डोके गरगरू लागले, एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि खटला एक्कावन्न रुपयांवर दुसऱ्या वकिलाकडे गेला. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियात, एका व्यापाऱ्याच्या घरी जमलेल्या हिंदी लोकांपुढे, हाच माणूस व्यापारातल्या सचोटीवर तयारीनिशी बोलला. यावरून आपण झटकन निष्कर्ष काढतो की तळमळीचा विषय सापडला आणि भीती पळाली. पण मग १८९६ ची मुंबईची सभा कुठे बसवायची? विषय दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या हालांचा, म्हणजे तळमळ आणखी वाढलेली. मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहता यांच्या सल्ल्याने भाषण आधीच छापून घेतलेले. तरीही वाचताना आवाज कापू लागला. फिरोजशहा ‘मोठ्याने, आणखी मोठ्याने’ असे बजावत राहिले. धीर येण्याऐवजी आपला आवाज उलट खालीच जात होता, असे गांधीजी सांगतात. अखेर गांधीजींचे जुने स्नेही केशवराव देशपांडे यांनी कागद हाती घेतले, पण सभेने मुंबईचे नामांकित पुढारी दिनशा वाच्छा यांच्या नावाचा धोशा लावला. वाच्छांनी तेच भाषण वाचले आणि सभा शांत झाली. टाळ्या पडल्या, अन्यायाच्या वर्णनाला ‘शेम, शेम’चे प्रतिसाद आले.

मजकुराचे एक अक्षर बदलले नव्हते. ज्याने ते हाल जवळून पाहिले होते त्याचा आवाज सभागृहाला पुरेना आणि ओळखीचा आवाज येताच तेच शब्द वजनदार ठरले. फिरोजशहांचा हेतू चांगलाच होता, हे मान्य. पण ‘मोठ्याने बोला’ ही सूचना घाबरलेल्याला त्याच्या घशाचीच आठवण करून देते आणि सांगायचे काय होते ते बाजूला पडते.

कोणी म्हणेल, श्रोत्यांवर भार टाकला की बोलणाऱ्याला न शिकण्याची सबब मिळते. शिवाय जग काही कोणासाठी थांबत नाही. पहिला भाग खरा आहे. छापील भाषण हाती असूनही आवाज लागला नाही, तरी तयारी व्यर्थ नव्हती. ती होती म्हणूनच वाच्छांना वाचायला काही मिळाले. जग थांबत नाही हे मात्र मी ऐकून घेणार नाही, कारण आपल्याच राज्याने थांबायची सोय कायद्यात केली आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. बायकांना बोलता येत नाही म्हणून ही तरतूद आलेली नाही. नळाला पाणी किती वाजता येते आणि किती मिनिटांत जाते, हे त्या खडान् खडा सांगतात. पण पारावर सासरे, दीर आणि गावातले मानकरी बसलेले असताना तोंड उघडले की घरी गेल्यावर काय ऐकावे लागेल, याचाही त्यांना पक्का अंदाज असतो. या भीतीवर खोल श्वासाचा उतारा चालणार नाही.

यावरही आक्षेप आहे आणि तो जास्त गंभीर आहे: वेगळी सभा म्हणजे वेगळा कोपरा, आणि निर्णय तर मोठ्याच सभेत व्हायचे. म्हणून महिला सभेतले मुद्दे ग्रामसेवकाने खड्या आवाजात वाचून मोकळे होऊ नये. जिने पाण्याचा प्रश्न मांडला तिलाच तो ग्रामसभेत मांडू द्यावा. ती अडखळली तर अध्यक्षांनी मागच्या रांगेतली कुजबुज थांबवावी आणि वाट पाहावी. तिलाच दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावेसे वाटले तर वाचणारा तिने निवडावा, आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे मात्र तिच्याकडूनच घ्यावीत.