अर्ज करा, अर्जुन मिळवा

डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांसाठी शिफारस झालेल्या नावांची चर्चा सुरू झाली आणि खेलरत्नच्या यादीत नेमबाज मनू भाकर नसल्याचं कळलं. पॅरिस ऑलिंपिक संपून चार-साडेचार महिने झाले होते. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं जिंकणारी ती स्वतंत्र भारताची पहिली खेळाडू. नाव का नाही, तर म्हणे तिचा अर्जच आलेला नाही. घरच्यांचं म्हणणं, अर्ज केला होता. अखेर, अर्ज भरताना आपल्याकडूनच काही राहिलं असावं, असं सांगून मनूनेच वादावर पडदा टाकला. पुढे नाव आलं आणि १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात तिला खेलरत्न मिळालं.

शेवट गोड झाला, पण मुद्दा उरलाच. जिची दोन्ही पदकं अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिली, तिने सरकारला लेखी का कळवायचं?

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. पहिल्याच यादीत सांगलीचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर होते. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य १९८५ मध्ये आला आणि १९९१-९२चा पहिला खेलरत्न विश्वनाथन आनंदला मिळाला. निवडीसाठी गुणांचे तक्ते आले, समित्या नेमल्या जाऊ लागल्या, खेळाडूला थेट ऑनलाइन अर्ज करण्याची सोय झाली. या सगळ्याने मनमानीला थोडा लगाम बसला, हे मान्य करायला हवं. तरीही गाडी सुरू होते ती अर्जापासूनच. कुठली स्पर्धा, कुठलं वर्ष, कितवा क्रमांक, प्रमाणपत्र जोडलं का? हे सगळं नीट भरून देणारा हुशार कारकून किंवा वजनदार संघटना पाठीशी असेल, तर काम सोपं. नसेल, तर खाशाबा जाधवांची आठवण काढावी.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाला १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं, पण खिशात पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी मागितली गेली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग हा पठ्ठ्या पुन्हा आखाड्यात उतरला, कुस्त्या खेळून पैसे जमवले आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. कर्ज फेडण्यासाठी लढणारा ऑलिंपिकवीर जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. अर्जुन सुरू झाला तेव्हा ते पस्तिशीचे होते आणि त्यानंतर तब्बल तेवीस वर्षं हयात होते. १९८४ मध्ये रस्ता अपघातात ते गेले. त्यांचं नाव अर्जुनच्या यादीत आलं ते २००० साली, मरणोत्तर. आता नियम असा की अर्जुनसाठी अलीकडच्या काही वर्षांतली कामगिरी पाहायची. १९५२चं पदक त्यात कुठे बसायचं? पण जो नियम मरणोत्तर वाकला, तो माणूस जिवंत असताना का वाकला नाही? पद्म पुरस्कारही त्यांना हयातीत मिळाला नाही. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव मिळालं, तेही २०१० मध्ये.

मुरलीकांत पेटकर मात्र पुरस्कार घ्यायला स्वतः हजर राहू शकले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि पुढे पोहायला लागला. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री आली २०१८ मध्ये, अर्जुन २०२५च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. मधल्या काळात त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ निघून थिएटरांत लागूनही गेला. त्यांच्या बाबतीत बॉलिवूड क्रीडा खात्याच्या पुढे निघालं, असं म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

उशिरा आलेल्या मानाला नाही म्हणण्याची धमक मिल्खासिंगांनी दाखवली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या या धावपटूला २००१ मध्ये अर्जुन देऊ केला गेला. त्यांनी तो नाकारला. बरोबर केलं.

अर्ज वेळेत आला, तरी तक्त्यातली गणितं वेगळीच. ऑलिंपिक, जागतिक स्पर्धा, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा यांना गुण मोठे. नेमबाजाला ही दारं उघडी आहेत, खो-खोच्या पोरीने कुठे जायचं? उस्मानाबादच्या सारिका काळेला २०२०चा अर्जुन मिळाला, तेव्हा खो-खोला तो तब्बल बावीस वर्षांनी मिळत होता. त्या बावीस वर्षांत महाराष्ट्राच्या मैदानांवर सूर मारणारे, खांबाला अलगद वळसा घालणारे खेळाडू कमी का होते? खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचेच. मल्लखांबाच्या हिमानी परबचं नाव २०२१च्या यादीत आलं, एवढाच काय तो दिलासा.

तारखेचंही तसंच. ध्यानचंद यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, हा या सोहळ्याचा ठरलेला दिवस. २०२१ मध्ये तो नोव्हेंबरात गेला, २०२२ मध्येही. २०२३चे पुरस्कार जानेवारी २०२४ मध्ये दिले गेले आणि २०२४चे जानेवारी २०२५ मध्ये. ऑलिंपिक किंवा आशियाई स्पर्धांच्या वर्षी थांबणं समजू शकतं. दरवर्षीचं कारण वेगळं शोधावं लागत असेल, तर तारीखच बदलावी.

या पुरस्काराची किंमत खेळाडूंना कळत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २०२३च्या अखेरीस कुस्तीपटू विनेश फोगाटने निषेध म्हणून आपलं खेलरत्न आणि अर्जुन दिल्लीत कर्तव्यपथावर ठेवून दिलं. कवडीमोल वस्तू टाकून निषेध होत नसतो.

ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांचे निकाल सरकारकडे असतातच. त्यावरून पात्र खेळाडूंची यादी क्रीडा मंत्रालयानेच तयार करावी आणि अर्ज ठेवायचाच तर तो फक्त यादीतून सुटलेल्यांसाठी ठेवावा. खो-खो, मल्लखांबासारख्या खेळांसाठी गुणांचा वेगळा तक्ता करावा. आणि जुन्या पिढीतले राहून गेलेले खेळाडू जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी घरी जाऊन शोधावेत. त्यांपैकी बरेच जण आज सत्तरी-ऐंशीत आहेत.