आठशे मीटरची बॅटरी

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी दोघा भावांचा ऊस होता. त्या आठवड्यात मोटरीला लाईट रात्रीची होती, म्हणजे दारं धरायला अंधारात उतरणं आलं. जुनी बॅटरी पावसात बिघडली होती, म्हणून दोघं नवी घ्यायला नारायणगावच्या बाजारात गेले.

दुकानदारानं सारख्याच किमतीच्या दोन काढून ठेवल्या. दोन्हींच्या खोक्यांवर 1000 लुमेन छापलेलं. पल्ला मात्र एकीचा 800 मीटर, दुसरीचा 250.

धाकट्यानं लगेच 800 वालीवर हात ठेवला. "दादा, त्याच पैशात तिप्पट लांब दिसतंय. बिबट्याचं रान आहे, लांबूनच दिसलेला बरा."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. या भागात बिबट्याची मादी उसातच विते आणि उसातच पिल्लं वाढवते.

दुकानदार जाणता होता. म्हणाला, "हा आकडा कसा काढतात ठाऊक आहे? झोत जिथं पाव लक्सवर येतो, म्हणजे पुनवेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवरचं अंतर छापतात. 800 मीटरवर झाड आहे एवढं कळेल, झाडाखाली काय बसलंय ते नाही कळायचं. आणि पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. या दोघींत ती दहापट आहे. एकूण उजेड तर दोन्हींत तेवढाच. मग वाढीव आला कुठनं? कडेचा काढून मधे गोळा केला."

त्यानं दोन्हींच्या काचा त्यांच्यापुढे धरल्या. एकीतली चकचकीत वाटी खोल आणि गुळगुळीत, दुसरीतली उथळ आणि बारीक दाणेदार. "दोन्ही घेऊन जा. शेतात मारून बघा, सकाळी एक परत आणा."

रात्री बांधावरून धाकट्यानं बॅटरी मारली. झोत उसावरून गेला, नदी ओलांडून पलीकडच्या बाभळीला लागला. उसाच्या कडेला दोन डोळे चमकले, कोल्हा होता. धाकटा हरखला. तेवढ्यात मोटर सुरू झाली, पाटाला पाणी आलं आणि दार फोडायला पुढं जावं लागलं.

आता झोत पायाशी आला. दोन पावलांवर त्याचा ठिपका जेमतेम वीतभर. भोवती थोडा उजेड सांडत होता, पण भगभगीत ठिपक्यानं डोळे दिपलेले, त्यामुळे कडेचं सगळं काळंच. धाकट्यानं ठिपका सरीच्या तोंडावर धरला आणि पाय उचलला.

"थांब!"

थोरला मागून 250 वाली घेऊन येत होता. तिच्या उजेडात पाट, दोन्ही बांध आणि मधलं पाचट एकदम दिसत होतं. पाचटात घोणस पडली होती, ठिपक्यापासून हातभर बाजूला. तिच्या अंगावरचे तपकिरी डाग पाचटात असे मिसळतात की नजर फिरवायला जागा मिळाली तरच ती दिसते. शिवाय घोणस माणसाच्या चाहुलीनं पळेलच असं नाही, जागीच पडून राहते. दोघं मागं सरले. बऱ्याच वेळानं ती सरकत उसात गेली.

बॅटरी कितीही चांगली असली तरी पायात गमबूट हवेतच. आणि मुळात पिकाला पाणी पाजायला माणसानं मध्यरात्री उसात शिरावं, हेच चुकीचं आहे. दिवसा पुरेशी वीज मिळणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि तो मिळेपर्यंत निदान त्याच्या हातातला उजेड तरी त्याच्या कामाचा असावा.

सकाळी धाकट्यानं स्वतःच 800 वाली खोक्यात भरली आणि दुकानात नेऊन दिली. ती काही वाया जाणारी वस्तू नव्हती. त्याच दिवशी एका द्राक्षबागायतदारानं ती घेतली. त्याला घराच्या गच्चीवर उभं राहून बागेचं पलीकडचं कुंपण बघायचं होतं.