स्वस्त वाद्याचा न्याय

‘किमतीच्या मानाने चांगले आहे’ असा अभिप्राय आपण छत्रीविषयी देतो, चपलेविषयी देतो, खाणावळीच्या जेवणाविषयीही देतो. आणि तो देताना आपण मोठ्या समतोल बुद्धीने न्याय केला असे आपणांस वाटते. या वाक्यात एक सवलत आहे, आणि सवलत देणे हा सौजन्याचाच भाग आहे यात शंका नाही. परंतु वस्तूच्या प्रत्येक गुणाला किमतीची सवलत लागू पडते काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबात एखादा मुलगा किंवा मुलगी संगीत शिकू लागते आणि वाद्य विकत घेण्याची वेळ येते, तेव्हा तर हा प्रश्न केवळ व्यवहाराचा न राहता नीतीचा होऊन बसतो. त्याचा विचार करण्यासाठी टेनर सॅक्सोफोन या पाश्चात्त्य वाद्याचे उदाहरण मी घेणार आहे; कारण स्वस्त आणि महाग यांतील अंतर या वाद्यात फार मोठे आहे, आणि त्याचे रूप, त्याचा नाद व हाताला येणारा त्याचा अनुभव हे तीन गुण एकमेकांपासून वेगळे करून तपासता येतात.

हे वाद्य आपल्याला अगदीच अनोळखी नाही. लग्नाच्या वरातीतील बँडात ते मिरवते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणि जॅझच्या मैफलींत गोव्याच्या वादकांनी ते गाजविले. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांचे नाव सॅक्सोफोनवादक म्हणूनच झाले. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी तर टेनरच्या धाकट्या भावंडावर, म्हणजे आल्टोवर, कर्नाटक संगीत वाजवून दाखविले. बेल्जममधील दिनां या गावी १८१४ साली जन्मलेल्या अडोल्फ साक्स याने हे वाद्य निर्माण केले व १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचा हक्क नोंदविला. तोंडाकडून खाली रुंद होत जाणारी पितळी नळी, नळीला लहानमोठी अनेक भोके, त्या भोकांवर बसणारी चामड्याच्या गादीची झाकणे, ती झाकणे उघडण्या-मिटण्यासाठी कळा, दांडे व कमानी यांची गुंतागुंत, आणि तोंडाशी बोरूच्या जातीच्या गवताची पातळ पत्ती, जिला वादक ‘रीड’ म्हणतात, अशी त्याची घडण असते. आज तैवान व चीन येथे तयार होणारे साधे टेनर काही दहा हजार रुपयांत मिळते, तर नामांकित युरोपीय कारखान्याचे टेनर कित्येक लाखांवर जाते.

प्रथम रूपाचा विचार करू; कारण गिऱ्हाईकही प्रथम तोच करते. नवे टेनर पेटीतून काढले म्हणजे सोनेरी लाखेचा झगमगाट, घंटेसारख्या रुंद तोंडावर कोरलेली वेलबुट्टी आणि त्या वेलबुट्टीत गुंफलेले एखादे भारदस्त नाव, हे सारे एका दृष्टिक्षेपात मनाचा ताबा घेते. पण या सर्व गुणांपैकी आजच्या यंत्रयुगात स्वस्तात साधणारा गुण हाच आहे. शिवाय कोरलेले नाव हे घडविणाऱ्याचे असतेच असे नाही. एकाच कारखान्यातून निघालेली वाद्ये निरनिराळ्या व्यापाऱ्यांच्या नावांनी विकण्याची चाल अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतही होती आणि आजही ती सर्रास चालू आहे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या आजीने या वाद्यासाठी केली नसली तरी ती येथे तंतोतंत लागू पडते. तरीही रूपाला मी तुच्छ लेखणार नाही. जे वाद्य पाहून हातात घ्यावेसे वाटते त्याच्यावर रियाजही जास्त होतो, आणि ज्याला पुढील काही वर्षे रोज त्याच्याशी झटायचे आहे त्याला एवढे सुख मिळाले तर ते कोणाचे काय घेते? रूपाच्या बाबतीत किमतीची सवलत आपण खुशाल द्यावी. चकाकी थोडी कमी असली, नक्षी यंत्राने काढलेली असली, तरी त्यात कोणाची फसवणूक होत नाही.

आता नाद. येथे मात्र लोकसमज आणि वस्तुस्थिती यांत बरेच अंतर आहे. महाग धातू म्हणजे मधुर आवाज, असे सामान्यतः मानले जाते. फुंकून वाजविण्याच्या वाद्यांत नळीचा आकार, भोकांची जागा व माप, आणि तोंडाकडचा भाग यांच्यावर नाद मुख्यत्वे अवलंबून असतो, असे ध्वनिशास्त्र सांगते. जॉन कोल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने चांदी, तांबे व लाकूड यांच्या बासऱ्या आतून एकसारख्या मापाच्या करून ऐकविल्या, तेव्हा कोणती बासरी कशाची आहे हे केवळ कानाने ओळखणे श्रोत्यांना साधले नाही. तंतुवाद्यांची गोष्टही विचार करायला लावणारी आहे. २०१० साली इंडियानापोलिस येथे निष्णात व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांच्या हाती जुनी अमोल आणि नवी अशी दोन्ही प्रकारची व्हायोलिने देण्यात आली. त्यांनी सर्वाधिक पसंत केलेले वाद्य नवे निघाले, आणि सर्वांत कमी पसंत केलेले वाद्य स्ट्रॅडिव्हेरियसचे निघाले. दृष्टी झाकताच किमतीचा प्रभाव ओसरला, एवढा निष्कर्ष काढण्यास ही परीक्षा पुरेशी आहे.

टेनरच्या बाबतीत तर नादातील मोठा हिस्सा वादकाचाच असतो. कोलमन हॉकिन्स (१९०४–१९६९) आणि लेस्टर यंग (१९०९–१९५९) हे दोघेही टेनरवादकच. परंतु पहिल्याचा आवाज भरदार व घनगंभीर, तर दुसऱ्याचा हलका आणि जणू हवेवर तरंगणारा. हा भेद वाद्याच्या किमतीतून उगवलेला नाही. तो श्वास, ओठ, माउथपीस, रीड आणि सर्वांत अधिक म्हणजे मनातील आवाजाची कल्पना यांतून उगवलेला आहे. कोणी म्हणेल, थोर वादक महाग वाद्येच का निवडतात मग? त्याचे उत्तर असे की, वाजविणाऱ्याला जे जाणवते ते ऐकणाऱ्याला ऐकू येतेच असे नाही. फुंकर किती सहज आत शिरते, मंद स्वर किती हळुवार निघतो, बोट उचलताच कळ किती तत्परतेने उत्तर देते, हा अनुभव वादकाच्या छातीत व बोटांत असतो. म्हणजे नादाची परीक्षा करता करता आपण नकळत तिसऱ्या गुणाच्या दाराशी येऊन पोहोचतो.

हा तिसरा गुण म्हणजे हाताला येणारा अनुभव, आणि माझ्या मते खरा नैतिक प्रश्न येथेच आहे. टेनरवरील झाकणांपैकी वरच्या बाजूचे एखादे झाकण केसभर जरी उघडे राहिले, तरी तेथून हवा गळते आणि त्याच्या खालचे सर्व स्वर, विशेषतः खर्जातले, अडखळतात, घरघरतात किंवा भलत्याच सप्तकात उडी घेतात. कमानी ताठ असल्या तर बोटे शिणतात, सैल असल्या तर झाकणे उशिरा उठतात. दांड्यांचे पितळ नरम असले तर आज जुळवलेली कळ महिन्याभरात वाकते. हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. मुरलेला वादक हवेचा जोर वाढवून ते झाकूनही नेतो. म्हणून दुकानात त्याने वाजवून दाखविलेले वाद्य निर्दोष वाटते. दोष प्रकट होतात ते शिकाऊ हातात, आणि तेथे ते दोष म्हणून ओळखू येत नाहीत. खर्जाचा स्वर निघत नाही, तेव्हा मूल काय समजते? आपला श्वास अपुरा आहे, आपली बोटे जड आहेत, आपल्याला देवाने कानच दिलेला नाही. घरची मंडळीही हसून म्हणतात, ‘नाचता येईना, अंगण वाकडे!’

ही म्हण शहाणपणाची आहे, पण तिच्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती अशी की अंगण सरळ आहे. अंगण खरोखरच वाकडे असले तर? तर ती म्हण निरपराध्याला दोषी ठरविणारा निवाडा होते, आणि आरोपी स्वतःच त्या निवाड्यावर सही करतो. चांगल्या वाद्याचे मोठेपण त्याच्या गोड आवाजात तितके नाही, जितके त्याच्या साक्षीत आहे. स्वर चुकला तर तो माझा चुकला, हे ते स्वच्छ सांगते; आणि उद्या सुधारला तर तोही माझाच सुधारला, हेही सांगते. वाईट वाद्य खोटी साक्ष देते. त्याच्या संगतीत वर्षभर घालवून जो मुलगा संगीत सोडून देतो, त्याचे पैसे बुडाले एवढ्याने हिशेब संपत नाही. आपल्या योग्यतेविषयीचा एक चुकीचा ग्रह तो जन्मभर बरोबर घेऊन जातो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. मोठमोठे कलावंत मोडक्यातोडक्या साधनांवरच शिकले. अडचणीने मनुष्य घडतो. लाडावलेल्याला कला येत नाही. यातील सत्य मी मान्य करतो. परंतु कठीण आणि लबाड या दोहोंत भेद केला पाहिजे. टेनर गळ्यात अडकवले म्हणजे तीन किलोंहून अधिक वजन मानेवर येते, ही अडचण प्रामाणिक आहे. साक्सच्या रचनेतही मुळातच तडजोडी आहेत. वरच्या सप्तकासाठी खरे तर प्रत्येक स्वराला आपापल्या जागी निराळे छिद्र हवे. सोयीसाठी तेथे दोनच छिद्रांवर भागविले जाते, आणि त्यामुळे काही स्वर अतिमहाग वाद्यावरही ओठांनी सांभाळून घ्यावे लागतात. ही अडचण सर्वांना सारखी असते, ती आज जशी असते तशीच उद्या असते, आणि श्रमाने ती जिंकता येते. गळक्या झाकणाची अडचण मात्र आज एका स्वरावर, उद्या दुसऱ्यावर. तिच्याशी कितीही झुंजले तरी शिकण्यासारखे तिच्यात काही नसते. पहिलीने मनुष्य घडतो. दुसरीने तो फक्त थकतो.

स्वस्त वाद्याच्या इतिहासातच या विचाराला एक बोलका दाखला आहे. १९५० साली लंडनमध्ये ग्राफ्टन नावाचा आल्टो सॅक्सोफोन तयार होऊ लागला. त्याचे अंग मलईच्या रंगाच्या प्लास्टिकचे होते, आणि पितळी वाद्यांच्या मानाने तो बराच स्वस्त होता. त्याच्या रूपाला पुष्कळांनी नाके मुरडली. पण १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्करने तोच वाजविला, आणि त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण जॅझच्या रसिकांत आजही मानाने ऐकले जाते. पुढे ऑर्नेट कोलमननेही आपल्या उमेदीच्या काळात प्लास्टिकचाच सॅक्सोफोन हाती धरला. म्हणजे नादाच्या न्यायालयात ते वाद्य निर्दोष सुटले. ते मागे पडले ते निराळ्या कारणाने. त्याचे अंग ठिसूळ होते, त्याच्या कमानींची योजना नेहमीपेक्षा वेगळी होती, आणि मोडतोड झाल्यास दुरुस्ती करणे कारागिरांना जड जाई. थोरांनी त्याला कीर्ती दिली. पण रोज हाताळणाऱ्या सामान्य वादकाचा विश्वास त्याला टिकविता आला नाही.

तेव्हा ‘किमतीच्या मानाने’ ही सवलत रूपाला द्यावी, नादालाही बऱ्याच अंशी द्यावी, परंतु यंत्रणेच्या खरेपणाला देऊ नये, असे माझे मत आहे. ही अट गरिबाला परवडणारी नाही असे मात्र कोणी समजू नये. मिरजेच्या साध्या तंबोऱ्याची जवारी जाणत्या हाताने लावून दिली म्हणजे तोही भरून बोलू लागतो. आणि जवारी बिघडलेली असेल तर हस्तिदंती नक्षीचा तंबोराही गवयाला आधार देत नाही. टेनरचेही तसेच आहे. अंधाऱ्या खोलीत नळीत एक लहानसा दिवा सोडून झाकणे मिटली, की ज्या कडेतून उजेड झिरपतो तेथे गळती आहे हे कोणालाही दिसते, आणि कुशल कारागीर काही तासांत ती दूर करू शकतो. खरेपणाला लागतो तो श्रम. सोने लागत नाही.

म्हणून घरात असे वाद्य घ्यावयाचे झाल्यास जाणत्या माणसाला बरोबर न्यावे. त्याला जोराने नव्हे, अगदी हळू फुंकून खर्जातले स्वर काढावयास सांगावे. झगमगाटात थोडी काटकसर करून ते पैसे झाकणे जुळवून घेण्यात आणि एका चांगल्या माउथपीसमध्ये घालावेत. विकणाऱ्याने व परीक्षण लिहिणाऱ्यानेही ‘शिकाऊंसाठी ठीक’ असा शेरा मारण्यापूर्वी थोडे थांबावे. निष्णात वादक दोष ओळखतो आणि त्यातून वाटही काढतो. शिकाऊला दोन्ही येत नाही. ज्याला खोट्या साक्षीपासून संरक्षण सर्वांत अधिक हवे, त्याच्याच हाती आपण ती सवलतीने देत आलो आहोत. इतके करूनही मुलाचा स्वर चुकला, तर खुशाल म्हणावे की अंगण सरळ आहे, पाय सुधारला पाहिजे. तसे म्हणण्याचा अधिकार तेव्हा आपल्याला आलेला असेल.