पाचवे सूतक



आपल्या घरी मूल जन्मले की त्याला लिंगधारण होते. मुलगा की मुलगी हा भेद तेथे नाही. माणूस लिंगैक्य झाला की अग्नी न देता समाधी देतात. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी कल्याणात महात्मा बसवेश्वर आणि शरणांनी जे सांगितले, ते पाळण्यापासून समाधीपर्यंत आपल्या अंगवळणी पडले आहे. धर्मविचार समाजाला कसा घडवितो हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही.

शरणांनी नाकारलेली सूतके पाच : जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती. पहिली चार देहाची व अन्नाची. पाचवे मात्र नीट पाहा. अमक्या कुळाच्या स्पर्शाने विटाळ होतो, ही समजूत शरणांनी बाळंतिणीच्या विटाळाच्याच पंक्तीला बसविली. अंगावर इष्टलिंग असताना एकही सूतक उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. (रजस्वलेला देवघराबाहेर ठेवणारी घरे आपल्यातही आहेत, पण तो निराळ्या लेखाचा विषय.)

हे नुसते सांगणे नव्हते. चर्मकाराचे कायक करणारे हरळय्या आणि ब्राह्मण कुळातून आलेले मधुवरस यांच्या मुलांचा विवाह कल्याणात झाला. परंपरा सांगते की त्यापायी बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहांत शासन दिले आणि शरणांची पांगापांग झाली. लक्षात घ्या, तळहातावर लिंगपूजा केली म्हणून कल्याण पेटले नाही. लग्न लागले म्हणून पेटले.

आता आपल्या वधू-वर मेळाव्याचा अर्ज आठवा. 'लिंगायत' लिहून भागत नाही. खाली पोटजातीचा रकाना असतो, आणि स्थळ पाहताना डोळे आधी तेथेच जातात. जंगम, वाणी, तेली, माळी, कुंभार. वडीलधारे म्हणतात, "चालीरीती निराळ्या, मुलीला जड जाईल." त्यामागची काळजी मी खोटी मानीत नाही. पण दोन्ही घरी इष्टलिंग, दोन्ही घरी भस्म, दोन्ही घरी शाकाहारी स्वयंपाक. मग निराळे काय उरले? पाचवे सूतक तेवढे उरले.

हरळय्या आणि मधुवरस यांच्या घरांत याहून कितीतरी अधिक अंतर होते. त्या मुलीला जड गेले नसते काय? गेलेच असते. हे दोन्ही बापांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! तरीही त्यांनी मांडव घातला.