सहा राग आणि एक धैवत

संगीत विभागाचं नवं सत्र तोंडावर आलं की वहीच्या पहिल्या पानावर संकल्प उमटतात. बहुतेकांचे एकाच वळणाचे: सहा राग, प्रत्येकात बडा ख्याल-छोटा ख्याल, एक तराणा, जमल्यास ठुमरी आणि रोज पहाटे चारला खर्ज. (वसतिगृहातल्या खर्जाचा बंदोबस्त शेजारची खोली आठवडाभरात करतेच.) यातलं खर्जाव्यतिरिक्त बहुतेक सगळं अभ्यासक्रमात आधीच छापलेलं असतं. ते विभाग करून घेणारच आहे. मग त्यात विद्यार्थ्याचं स्वतःचं असं काय राहिलं?

मोजमापाला नाक मुरडण्याची मात्र आपल्याकडे एक फॅशन आहे, ती मला मान्य नाही. ‘कलेला कसलं सेमिस्टर?’ असं म्हणणं सोपं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करून स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, तेव्हा कुठे उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षं राहण्याची सोय नसलेल्यांना गाणं शिकता येऊ लागलं. पांढरपेशा घरातल्या मुलींना तर विशेष. ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा नसत्या, तर आज संकल्प लिहायला बसलेल्या कित्येक जणींपर्यंत गाणं पोचलंच नसतं.

तरीही मोजता येतं तेवढंच वहीत उतरतं, ही अडचण उरतेच. भूपाचं घ्या. तो इतक्या लवकर शिकवला जातो की पदवीला येईपर्यंत ‘भूप झाला’ असं सगळेच सांगतात. सा रे ग प ध, पाच शुद्ध स्वर, त्यात अवघड ते काय? पण देशकारातही नेमके हेच पाच स्वर आहेत. भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी, देशकारात याच्या उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. एवढं लिहून लेखी परीक्षेत गुण मिळतात. गळ्याचा प्रश्न निराळा. भूपात पंचमावरून धैवताला जायचं आणि तिथे बस्तान न मांडता षड्जाकडे निघायचं, नाहीतर मागे वळून गंधारावर विसावायचं. धैवतावर थोडं जास्त रेंगाळलात, रिषभ जरा झाकला गेला, की देशकार दारातून डोकावतो. हे ‘थोडं’ किती, ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. किशोरीताई आमोणकरांचा ‘सहेला रे’ ऐकताना कळतं, की ‘झालेल्या’ भूपात अजून केवढी जागा मोकळी आहे.

म्हणून या सत्रासाठी मी कुणाला सुचवलं, तर एवढंच सुचवीन: भूपात अर्धा तास आलाप करायचा आणि देशकाराला आत येऊ द्यायचं नाही. चार महिन्यांना हे पुष्कळ आहे. फोनवर ध्वनिमुद्रण करावं, पण लगेच ऐकू नये. गायल्या गायल्या आपल्याला आपलं सगळंच बरोबर वाटतं. दोन दिवसांनी ऐकलं की धैवत कुठे पसरला ते आपोआप टोचतं. या संकल्पाची गंमत अशी, की तो मोडला तर तो क्षण ऐकू येतो. ‘रोज दोन तास रियाज’ मोडला तर फक्त अपराधी वाटतं, गाण्याबद्दल कळत काहीच नाही.

याच्या जोडीला तंबोरा स्वतः लावणं. हल्ली ॲप सुरू केलं की बिनचूक स्वर मिळतो, आणि विभागातले तंबोरे गवसणीतच राहतात. पण चारही तारा जुळवताना, जवारीवर तारांखालचं सूत मागेपुढे सरकवताना, गायला सुरुवात करण्याआधीच कान कामाला लागलेला असतो. धैवताचा हिशेब ठेवायचा तर असाच तयार कान लागतो. सुरुवातीला या लावण्यातच रियाजाचा बराच वेळ जाईल आणि खोली सोडायची वेळ होईल. तो वेळ रियाजातच धरावा.

उरलेले पाच राग? ते परीक्षेपुरते होतील. विलंबित एकतालात बंदिश मांडायची, चार आलाप, आठ-दहा ताना, समेवर नीट यायचं. गुण मिळतात. त्याबद्दल शरमायचं कारण नाही, गुरुजींनाही ते ठाऊक असतं. फक्त त्या पाचांच्या नादात भूपाची वेळ कापली जाणार नाही, हे वेळापत्रक आखतानाच पाहावं, कारण सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की पहिली कात्री तिथेच लागते.