खोबरेलाची बाटली अन् साखरेचं पाणी

नांदेड,
१० जानेवारी

चि. ताईस,


पत्र मिळालं. ‘साखर पाण्यात वितळते’ असं सहावीच्या अर्ध्याअधिक वह्यांत निघालं, तू लाल पेनानं खोडलंस अन् आठवड्यानं लेकरांनी पुन्हा तेच लिहिलं, म्हणून तू वैतागलीस. वैतागू नकोस. यात लेकरांची चूक थोडी, शब्दांची जास्त. आजी म्हणते साखर इरघळली, दुकानदार म्हणतो चॉकलेट विरघळलं. बर्फी तोंडात विरघळते अन् माणूस गोड बोलण्यानं विरघळतो. पुस्तक उघडावं तर वितळण्याच्या तापमानाला ‘द्रवणांक’ अन् साखरेच्या पाण्याला ‘द्रावण’! एका कान्याच्या फरकावर अकरा वर्षांचं पोर ठेचकाळणारच.

म्हणून व्याख्या फळ्यावर लिहून सुरुवात करू नकोस. सध्या थंडी आहे. घरातली खोबरेल तेलाची गोठलेली बाटली सकाळी वर्गात ने अन् पायरीवर उन्हात ठेव. दुसऱ्या तासापर्यंत तेल हलायला लागेल. मग एवढंच विचार, ‘बाटलीत आपण काय घातलं?’ काहीच नाही. झाकणसुद्धा उघडलं नाही. नुसती ऊब मिळाली. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणून आपल्याकडं मे महिन्यात ते कधी गोठलेलं दिसत नाही.

मग साखर घे. पाणी मात्र माठातलं गार घे, गरम मुळीच नको. सगळा घोटाळा चहानं केलाय. लेकरं साखर नेहमी उकळत्या चहात पडताना बघतात अन् ठरवतात की तिला उष्णतेनंच पातळ केलं. गरम पाण्यात ती लवकर विरघळते, जास्तही विरघळते. पण काम पाण्याचं असतं. गार पाण्यात ढवळून साखर दिसेनाशी झाली की लेकरं आपसूक म्हणतील, इथं ऊब दिली नाही, पाणी दिलं. मग वहीत एकच ओळ लिहू दे: वितळायला ऊब लागते, विरघळायला सोबत लागते.

कुणी विचारेल, साखर कोरडीच तापवली तर? तर ती वितळते, पण त्याला १८६ अंशांच्या आसपास तापमान लागतं अन् तोवर ती करपायलाही लागते. मिठाला तर ८०१ अंश. खारे शेंगदाणे भाजणाऱ्याच्या कढईतलं मीठ दिवसभर जाळावर असतं, तरी कोरडं ते कोरडंच. तेच मीठ वरणात टाकलं की क्षणात दिसेनासं होतं.

‘दिसेनासं’ या शब्दापाशी मात्र थांब. विरघळलं म्हणजे संपलं, असं बऱ्याच लेकरांच्या मनात असतं. पाण्याचा पेला अन् साखर आधी एकत्र तोलून घे, विरघळल्यावर पुन्हा तोल. वजन तेवढंच भरेल. अन् पाण्याचं मोल तुझ्या लातूरच्या लेकरांना सांगावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते घरोघर ठाऊक आहे. विरघळलेलं पाण्यातच असतं, हे दाखवायला त्यांना बोअरचं पाणी आणायला सांग. चांगलं नितळ पाणी ताटलीत ओतून उन्हात ठेवा. आटलं की तळाशी पांढरा थर उरेल. हंड्याला अन् चहाच्या पातेल्याला बसतो, तोच. नितळ पाण्यात एवढं काय काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघू दे.

वितळणं अन् विरघळणं शेजारी शेजारी बघायचं असेल, तर लेकरांना सहलीला इकडं हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात घेऊन ये. कडा प्रसादात कणीक, तूप अन् साखर सारख्या मापानं असते. कढईत तूप वितळतं, त्यात कणीक भाजतात, साखर पाण्यात विरघळते. अन् कणीक? ती वितळतही नाही, विरघळतही नाही. भाजते अन् पाणी पिऊन फुगते. प्रसाद हातावर पडला की एकेकाला विचार, यातलं कोण वितळलं, कोण विरघळलं अन् कोण नुसतंच भाजलं? पाठांतर करणारं पोर तिथं अडेल, बघणारं बोलेल.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका पोरानं पेपरात लिहिलं, ‘गूळ वितळतो.’ मी फुली मारली. उत्तर ‘विरघळतो’ असंच हवं होतं. पोरगं धीट होतं. म्हणालं, ‘सर, माय चिक्की करताना कढईत नुसता गूळ टाकते, पाणी घालत नाही.’ मी त्याला खाली बसवलं. घरी येऊन तुझ्या मामीला विचारलं तर ती हसली. दुसऱ्या दिवशी त्याचा मार्क देऊन टाकला, पण सगळ्या वर्गासमोर द्यायला हवा होता; तेवढं धैर्य झालं नाही. गूळ कढईत वितळतो, पाण्यात विरघळतो अन् पावसाळ्यात डब्यातल्या डब्यात हवेतलं पाणी ओढून पाघळतो. म्हणून ‘साखर वितळते’ असं लिहिणाऱ्याला फुली मारण्याआधी विचार, ‘कशात रे? पाण्यात की कढईत?’

संक्रांतीला सुट्टी असेल तर ये. मामी तिळगूळ करणार आहे. कढईजवळ उभं राहून मला एक सांग: गुळात मुळातच थोडा ओलावा असतो, मग तो गरम झाल्यावर नुसता वितळतो, की आपल्याच पाण्यात थोडा विरघळतोही? त्या पोराला मी खाली बसवलं नसतं, तर हा प्रश्न त्यानंच मला तेव्हा विचारला असता.

तुझा,
मामा